पहिल्यांदा काही होत नाही

हिगाशी-कसाई, ७ नोव्हेंबर २०२४

जयप्रकाश,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. फोन करत नाही, कारण फोनवर आपण दुसऱ्या मिनिटाला एकमेकांवर ओरडायला लागतो. मेसेज करत नाही, कारण माझ्या फोनचा पासवर्ड नचिकेतला ठाऊक आहे. म्हणून कागद. आणि बसून वाच, हे उभ्याने वाचण्यासारखं नाही.

आज सकाळी ऑफिसला निघाले, तर दारात आपल्या बिल्डिंगच्या केअरटेकर किमुरा-सान. हातात आपलीच कचऱ्याची पिशवी. मला वाटलं, झालं, परत प्लास्टिक चुकीच्या दिवशी टाकलं गेलं, आता खालमानेने प्रवचन ऐकायचं. आतल्या कुरिअरच्या लेबलवरून त्यांनी घर शोधून काढलं होतं. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर बाई देईनात. म्हणाल्या, तुम्ही आता जड उचलायचं नाही. स्वतः आत आणून ठेवली, कमरेत वाकल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, ओमेदेतो गोझाइमास. अभिनंदन. मीही सवयीने वाकले आणि आभार मानले. कशाबद्दल, ते देवाला माहीत.

दार लावून पिशवी उघडली. वर दुधाचे खोके, खाली एक गुलाबी डबी. त्यात दिवस गेलेत का ते तपासायची कांडी. वापरलेली.

अरे, मी पंचेचाळीस वर्षांची बाई. नवरा 'प्रोजेक्टसाठी' मार्चपासून योकोहामात राहतो, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक. किमुरा-सान आता मनातल्या मनात काय हिशोब करत असतील? पण ते नंतर सुचलं. आधी नुसती खाली बसले. या घरात आम्ही दोनच माणसं. त्यातली एक मी, आणि ती कांडी माझी नाही.

ऑफिसला कळवलं, बरं नाही. संध्याकाळी नचिकेत शाळेतून आला. कांडी टेबलावर ठेवली होती. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगते, तो खोटं बोलला नाही. खाली बघतच म्हणाला, स्वरूपा.

कुठली स्वरूपा म्हणून विचारू नकोस. आपल्या उरायासुच्या विवेक-दीप्तीची स्वरूपा. मला काकू म्हणते ती. गणपतीत नाटकात दोघांनी एकत्र काम केलं, त्याचे फोटो तूच मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकले होतेस. दोघंही बारावीत. आणि हा मला इंग्रजीत समजावतो, "इट्स निगेटिव्ह, आई. सो इट्स ओव्हर." मग विचारलं, जेवायला काय आहे, आणि फिजिक्सचं पुस्तक घेऊन खोलीत गेला.

कांडी बघून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या 'ओव्हर'ने बसला.

शिवाय ओव्हर काहीही झालेलं नाही. मी डबीवरचं वाचून घेतलं. पाळी चुकल्यावर आठवडाभर थांबून तपासायचं असतं, आणि या शहाण्यांनी पाळीची तारीख यायच्या आधीच तपासलं. मी विचारलं, तू तर जपानी आमच्यापेक्षा चांगलं वाचतोस, मग सूचना नाही वाचल्यास? म्हणाला, वाचल्या. पण जितक्या लवकर तितकं बरं ना?

आता तू सांग. त्याला तेरावं लागलं तेव्हा आपलं ठरलं होतं, मुलाशी बाप बोलेल. तू त्याला समुद्राकडे फिरायला घेऊन गेलास, अंधार पडल्यावर आलास आणि बूट काढता काढता म्हणालास, झालं, सगळं बोललो. मी निर्धास्त झाले. काय बोललास? लगेच लिही.

स्नेहलता


१३ नोव्हेंबर

जयप्रकाश,

तुझं उत्तर काल ईमेलने आलं. मी पत्रात विचारलं होतं, मुलाला काय सांगितलंस. तू पीपीटी पाठवलीस.

'टीन अवेअरनेस, व्हर्जन वन'. पहिल्या स्लाइडवर 'ऑब्जेक्टिव्ह'. मग 'स्टेकहोल्डर्स'. मग 'रिस्क अँड मिटिगेशन', त्यात बाण काढलेले. 'प्रायॉरिटीज'मध्ये एक नंबरला बोर्डाची परीक्षा, दोन नंबरला एन्ट्रन्स. शेवटी हातात हात घेतलेलं चित्र आणि 'थँक यू, एनी क्वेश्चन्स?' मी शोधून शोधून पाहिलं. गर्भ हा शब्द नाही. कंडोम नाही. मुलगी तर कुठेच नाही. कोणाच्या रिस्कबद्दल चाललंय ते वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळू नये, असं काम तूच करू जाणे. मी आधी खूप हसले. मग हसता हसता स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडले. आणि वर लिहिलंयस, 'प्लीज रिव्ह्यू अँड फॉरवर्ड टू नचिकेत.' फॉरवर्ड केलेली नाही.

तू सांगत नाहीस म्हणून त्यालाच विचारलं, बाबा त्या दिवशी फिरायला घेऊन गेले तेव्हा काय बोलले? त्याला सगळं लख्ख आठवतं. म्हणाला, बाबांनी सांगितलं की आता तू मोठा झालास, डिओडरंट वापर, आंघोळ झाल्यावर बाथरूम कोरडं करत जा, आणि गर्लफ्रेंड वगैरे बारावीनंतर. मग दोघांनी आइस्क्रीम खाल्लं आणि तू त्याला चक्रवाढ व्याज समजावून सांगितलंस. धन्य आहे. चार वर्षं मी समजत होते की मुलाला सगळं माहीत आहे. त्याला बाथरूम कोरडं करणं माहीत आहे. ते मात्र तो नेमाने करतो.

मग त्याला कोणी काय सांगितलंय, तर नदीकाठी क्रिकेट खेळणाऱ्या आपल्याच मंडळातल्या मुलांनी. तिथलं ज्ञान असं, की पहिल्यांदा काही होत नाही. मी म्हटलं, हे कोणी सांगितलं? म्हणाला, "एव्हरीबडी नोज." गणितात पंच्याण्णव घेणारा मुलगा, जयप्रकाश. त्याला विचारलं, शरीराला कसं कळतं रे ही पहिली वेळ आहे म्हणून? त्यावर तो विचारात पडला. खरंच विचारात पडला. हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

आता खरा धक्का ऐक. शनिवार-रविवार तो ज्या कन्व्हिनिअन्स स्टोअरमध्ये बाइतोचं पार्टटाइम काम करतो ना, तिथे कंडोमची पाकिटं काउंटरसमोरच असतात. गिऱ्हाइकाने घेतलं की ते न दिसेलशा कागदी पिशवीत घालून द्यायचं, वर बघायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं. वर्षभर दुसऱ्यांना पिशव्या भरून देतोय. मग स्वतः का नाही घेतलंस? म्हणाला, मॅनेजर ओगावा-सान काय म्हणतील. मग दुसऱ्या दुकानातून? म्हणाला, आई, आपल्या कसाईत कुठल्याही दुकानात जा, मागे कोणीतरी काका उभे असतात.

यावर मात्र मी त्याला दटावलं नाही. कारण खरंय ते. मी स्वतः पॅड घेताना आधी मागे बघते.

शेवटी मेथी निवडता निवडता मीच सगळं सांगितलं. तुझं काम होतं ते. कंडोम हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा मुलासमोर उच्चारला. सांगितलं की पहिल्या वेळीही दिवस जातात. चूक झालीच तर डॉक्टरकडून गोळी मिळते, पण ती तीन दिवसांच्या आत, तेव्हा घाबरून गप्प बसायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं. आणि समोरचीला मनापासून हवंय का ते विचारायचं, आणि नको म्हणाली की विषय संपला. त्याचे कान लाल झाले, माझेही झाले असणार. पण जुडी निवडून होईपर्यंत उठला नाही. उलट प्रश्न विचारले. इतके साधे प्रश्न. हे सगळं चार वर्षं त्याच्या डोक्यात तसंच पडून होतं.

स्वरूपाची तारीख काल उलटली. मी तिला डॉक्टरकडे घेऊन जाणार आहे. दीप्तीला अजून काही माहीत नाही.

स्नेहलता


१८ नोव्हेंबर

जयप्रकाश,

स्वरूपाला दिवस गेलेत.

दुसरीकडे कुठेतरी, आपल्या लोकांची पावलं पडणार नाहीत अशा भागात शोधून एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेलो. दीप्तीला सांगितलं, स्वरूपाला माझ्याबरोबर खरेदीला नेते. खोटं बोलायचं नव्हतं, पण पोरीने हाता-पाया पडून सांगितलं होतं, आधी कळू दे, मग आईला सांगू. डॉक्टर शांत होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता आधी स्वरूपालाच सगळं विचारलं, तिला काय हवंय तेही. आणि म्हणाल्या, पुढचं काहीही करायचं तर आईवडिलांना सांगावंच लागेल.

येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. रडत नव्हती. तुला आठवत असेल, मंडळात दरवर्षी आम्ही बायका वयात आलेल्या मुलींना वरच्या हॉलमध्ये बसवून सगळं सांगतो, आणि तेवढा वेळ मुलग्यांना तुम्ही खाली क्रिकेटला नेता. स्वरूपा त्या वर्गाला होती. ती एकदम म्हणाली, "काकू, तुम्ही आम्हाला सांगितलंत, स्वतःला जपा. त्याला कोणी सांगितलं का, मला जपायला?"

तू काय उत्तर दिलं असतंस?

कसाई स्टेशनवर नचिकेत उभा होता. मॉक टेस्ट बुडवून आला होता, मी सांगितलेलं नसताना. मी होकाराची मान हलवली. तो म्हणाला, पण पहिल्यांदा... आणि तिथेच थांबला. स्वरूपाने त्याच्याकडे असं बघितलं, की मीच नजर खाली घातली. लोक दोन्ही बाजूंनी जात होते, आणि आम्ही तिघं स्टेशनच्या फाटकाशी नुसते उभे.

मग त्याने तिला विचारलं, काका-काकूंना तू सांगणार की मी सांगू? ती म्हणाली, मी एकटी नाही सांगू शकत. तो म्हणाला, मी येतो. खरं सांगते, मला त्याचंही आश्चर्य वाटलं. मला वाटलं होतं हा आता खोलीत जाऊन दार लावून घेईल. आपल्या घरात मोठं काही घडलं की पुरुषमाणूस दार लावून घेतो, हेच तर त्याने पाहिलंय.

रविवारी दुपारी उरायासुला त्यांच्या घरी जाणार आहोत. तू ये. हे मी मागते आहे असं समज. बोलू नकोस, तुझ्याच्याने होणार नसेल तर. नुसता त्याच्या शेजारी बस. विवेक तुझा इतक्या वर्षांचा मित्र, त्याच्यासमोर पोराला एकट्याने जावं लागू नये. तीन वाजता उरायासु स्टेशनच्या बाहेर थांबू.

स्नेहलता


२५ नोव्हेंबर

जयप्रकाश,

आधी काय ठरलं ते लिहिते, म्हणजे तुला पुढचं वाचायला धीर येईल. स्वरूपाला हे मूल नको आहे. तिने आईवडिलांसमोर स्वतः तसं सांगितलं. गुरुवारी दीप्ती तिला घेऊन डॉक्टरकडे जाईल. नचिकेतने स्वरूपाला विचारलं, मी बाहेर बसलो तर चालेल का? ती म्हणाली, बाहेर बस. आत येऊ नकोस. एवढंच ती त्याच्याशी बोलली आहे. यापुढे बोलेल की नाही, मला माहीत नाही, आणि त्याने तिला विचारूही नये असं मी सांगितलंय.

आणखी एक. शनिवारी तो क्रिकेटला गेला होता. कोणाचं नाव न घेता त्याने मुलांना सांगितलं, ते पहिल्यांदावालं खोटं आहे रे. सगळे फिदीफिदी हसले. पण पायाला पॅड बांधता बांधता एकाने हळूच येऊन विचारलं, मग कुठल्या दुकानात काका नसतात? हे त्याने मला घरी येऊन सांगितलं. हसत नव्हता.

आता रविवारचं.

साडेतीनपर्यंत स्टेशनबाहेर थांबलो. तू आला नाहीस. तुला पत्र पोचलं नसेल असं मी त्याला म्हणाले. त्याने काळी पँट, पांढरा शर्ट घातला होता आणि हातात मोठ्या दुकानाची कागदी पिशवी होती. मी विचारलं, हे काय? म्हणाला, ओगावा-सानना विचारलं, एखाद्याच्या घरी जाऊन मोठी माफी मागायची असेल तर काय करतात. त्यांनी सांगितलं, गडद कपडे घालायचे, चांगल्या दुकानातून योकान या मिठाईचा डबा न्यायचा, चांगला जड बघून, आणि बसायच्या आधी खोल वाकायचं. पोराने स्वतःच्या पगारातून डबा आणला होता. माझ्या डोक्यात त्या क्षणी काहीही आलं नाही. तिथेच यायला हवं होतं.

दार दीप्तीने उघडलं. नचिकेतने आत पाऊल टाकलं, दोन्ही हातांनी डबा पुढे केला आणि कमरेत वाकला. आणि दीप्तीचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. म्हणाली, "अगंबाई, मिठाई! ॲडमिशन झाली ना? मला वाटलंच होतं." अरे, इथल्या कॉलेजांच्या निवडीचे हे दिवस, त्यात बारावीतला मुलगा नवीन शर्ट घालून मिठाईचा डबा घेऊन आईबरोबर दारात उभा राहिला, तर आपल्या कुठल्या बाईला दुसरं काय वाटणार? तो वाकलेलाच होता. ती हसली, असं जपानी नको, नीट पाया पड म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून यशस्वी हो म्हणाली. डबा उघडून बघितला. यात अंडं नाही ना, विचारलं. नाही म्हटल्यावर आत जाऊन देवापुढे ठेवला आणि निरांजन लावलं.

मी तोंड उघडायचा प्रयत्न करत होते. नचिकेत माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. स्वरूपा आतल्या दारात येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तेवढ्यात विवेक बाहेर आला. दीप्तीने त्याला सांगितलं. त्याने नचिकेतच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, थांब, तुझ्या बापाचं आधी अभिनंदन करतो. मी थांब म्हणेपर्यंत त्याने फोन लावला होता. स्पीकरवर.

तू उचललास.

मला वाटलं, देवा, सुटलो. आता हा सांगेल. हा म्हणेल, विवेक, जरा थांब, गोष्ट वेगळी आहे. तुला सगळं माहीत होतं. माझं पत्र बुधवारीच तुझ्या पेटीत पडलंय, पोचल्याचं टपालखात्याने मला कळवलंय, मी तसंच पाठवलं होतं. नचिकेतला स्टेशनबाहेर जे सांगितलं, ते त्याच्यासाठी सांगितलं.

विवेक म्हणाला, अभिनंदन रे, पोराने नाव काढलं, मिठाई घेऊन आलाय. आणि तू म्हणालास, "थँक यू, थँक यू विवेक. सगळे त्याचेच कष्ट. जरा मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो."

रविवारी दुपारी मीटिंग. विवेक हसलासुद्धा, म्हणाला, हा माणूस सुधारणार नाही.

मी तुझ्याबरोबर वीस वर्षं काढली, जयप्रकाश. तुझं दार लावून घेणं मला पाठ आहे. पण तू अभिनंदन घेशील, हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. आणि नचिकेतने ऐकलं. त्याने एकदाच मला विचारलं, सगळ्यांसमोर, हळू आवाजात, "बाबांना माहीत होतं ना?" मी हो म्हटलं.

मग तो बोलला. मराठीत बोलला, सगळं, एकही इंग्रजी शब्द न घालता म्हणता येणार नाही, पण अडखळला नाही. म्हणाला, "काका, काकू, ही आनंदाची मिठाई नाहीये. इथे माफी मागायला जाताना हे नेतात. स्वरूपा प्रेग्नंट आहे. माझ्यामुळे. मला वाटलं होतं पहिल्यांदा काही होत नाही, आणि मी काहीच काळजी घेतली नाही. तिची चूक नाही."

स्वरूपा भिंतीशी उभी राहून म्हणाली, हो आई, खरं आहे.

दीप्ती उठली, देवापुढचा डबा उचलला आणि तो कुठे ठेवायचा ते तिला कळेना. टेबलावर ठेवायला गेली, परत उचलला. शेवटी तो तसाच छातीशी धरून लेकीजवळ गेली. निरांजन जळत होतं. मी पुढे झाले तर तिने हातानेच मला अडवलं. तिचं बरोबर होतं.

विवेक आधी खाली बसला. मग उभा राहिला. तो मारेल असं मला वाटलं, आणि मी मधे पडणार नव्हते. पण त्याने मारलं नाही. तो म्हणाला, तुझ्या बापाला हे माहीत होतं? आणि तरी तो मला थँक यू म्हणाला? त्याने परत फोन हातात घेतला. म्हणाला, आता त्यालाच बोलतो, इथे बोलावून घेतो, योकोहामा असो नाहीतर कुठेही.

नचिकेतने त्याचा हात धरला. धरला म्हणजे नुसता फोनवर हात ठेवला. म्हणाला, "काका, त्यांना नका लावू. मी आलोय ना."

विवेकने फोन खाली ठेवला.

रविवारी तुझा फोन दुसऱ्यांदा वाजला नाही, तो का, हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं.

स्नेहलता